बऱ्यालाही नाही, वाईटालाही नाही

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. "काकाची तब्येत बरी न्हाई. घरी ये," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाबा फोनवर नेहमीच तुटक बोलतात, त्यामुळे मी फारशी घाबरले नाही. हिंगोलीहून सेनगावला आले आणि तिथून गोरेगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. जीप भरल्याशिवाय निघत नाही. आम्ही वाट बघत होतो आणि माझ्या मागच्या बाकावर दोन माणसं बोलत होती.

"मेंढरंवाल्याला पान लागलं म्हणं."

"कोन्या?"

"भगवान न्हाई का. वावरात मेंढरांजवळ झोपला व्हता. झोपेतच लागलं."

"कोन भगवान?"

"आरं, ज्यानं तुळशीरामाचं सोयाबीन माजवलं, तो."

"हां, तो व्हय!"

दोघंही हसले. मग पहिला जरा थांबून म्हणाला, "गेला बिचारा. दवाखान्यात नेईस्तोवर गेला."

साप चावला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. मी ते ऐकलं आणि समोरच्या सीटचा दांडा धरून बसून राहिले. मी त्याची पुतणी आहे हे त्या दोघांना माहीत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता… आला नाही. आसपासच्या गावांत माझ्या काकाला ओळखायची खूण तीच होती, ते सोयाबीन. ज्या गोष्टीवर जीपमधली माणसं हसत होती, तिच्यात कोण कोण भाजून निघालं ते त्यांना कसं कळणार?

आमच्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, काकांवर लिही, पुरवणीला पाठवू. आमच्या घरात पेपरात लिहिणारं तर सोडाच, पेपर वाचणारंही माझ्याआधी कुणी नव्हतं. मला नीट जमेल असं वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं ते लिहावं म्हणतात. मी काकाच्या प्रेमाबद्दल लिहिणार आहे, आणि ते चांगल्यात धरायचं की वाईटात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. लिहिण्याआधी काकूला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. जीपवाल्याला माहीत हाय, पेपरवाल्याला कळलं तर काय व्हतंय?" जिच्यावर त्याचं प्रेम होतं तिलाही विचारलं. तिनं नाव बदलायला सांगितलं. म्हणून तिला इथे सुनंदा म्हणते.

भगवानकाका बाबांच्या पाठचा, पण त्यांच्याहून बराच लहान. मी त्याला अरे-तुरेच करायचे. आमच्या घरात मेंढरं पहिल्यापासून. काकाची शाळा सातवीत सुटली आणि तो कळपामागे गेला. मला शाळेत सोडायला तोच यायचा. येताना पुष्कळदा एखादं आजारी कोकरू मोटारसायकलच्या टाकीवर आडवं घेतलेलं असायचं. आधी मला शाळेत सोडायचं, मग कोकराला डॉक्टरकडे. आमचे गुरुजी एकदा म्हणाले, "भगवान, यातलं नाव कुणाचं घालायचंय?" काका म्हणाला, "दोघांचंबी घाला. बघू कोण पुढं जातंय."

तो भांडकुदळ होता. म्हणजे ज्याच्यावर जीव, त्याच्याशी भांडण. मेंढरांशी भांडायचा, पावसाशी भांडायचा, बाबांशी तर रोजच. दहावीला मला इंग्रजीत कमी मार्क पडले तेव्हा तो गुरुजींशी भांडायला निघाला होता. "माझी पोरगी झोपेत बी इंग्रजी बोलती, अन तुमी इतकेच देता?" मी झोपेत इंग्रजी बोलत नव्हते. पण ते त्याला कोण सांगणार!

ज्या उन्हाळ्यात हे सगळं सुरू झालं तेव्हा मी नववीची परीक्षा देऊन घरी होते. आमच्या भागात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरंवाल्याला आपल्या वावरात मेंढरं बसवायला सांगतात. दिवसभर चरून आलेला कळप रात्री जाळीच्या वाड्यात त्या वावरात ठेवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला जोर येतो. दोन-तीन रात्री झाल्या की वाडा थोडा पुढे सरकवायचा, आणि वावर पुरं झालं की दुसऱ्याच्या वावरात जायचं. ज्याचा आधी सांगावा, त्याचा आधी नंबर. त्या उन्हाळ्यात काका तुळशीराम मामांच्या वावरात गेला आणि तिथून निघेचना. तुळशीराम मामा भीमनगरातले. त्यांचं वावर लहान, ओढ्याच्या काठाला. नंबर लावलेले लोक आमच्या घरी यायचे. "काय रे भगवान, त्या वावरात मेंढरं बसवलीस का गाव वसवलंस?" काका सांगायचा, जमीन फार हलकी आहे, तिला जास्त लागतं.

सुनंदा तुळशीराम मामांची मुलगी. तेव्हा ती बारावीचं शिकत होती. तिची आणि काकाची ओळखही भांडणातूनच झाली. ती बांधावरच्या लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची आणि एका मेंढीनं तिचं गाईड खाल्लं. ती अर्धं गाईड घेऊन काकाच्या अंगावर धावून गेली. काका म्हणाला, "आता ती मेंढी बारावी पास व्हईल, तू बस अशीच." हे मला सुनंदानंच सांगितलंय. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

मी त्यांना पाहिलेलं आहे. मीच काकाचा डबा घेऊन जायचे. एकदा संध्याकाळी गेले तर ती काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून, आणि तो तिच्याकडे असा बघत बसला होता की मेंढरं जाळीखालून निघून शेजारच्या भुईमुगात शिरली तरी त्याला पत्ता नव्हता. आपल्या कळपातलं कुठलं मेंढरू खोकलं हे काका डोळे मिटून सांगायचा. त्याला शंभर पावलांवरचा भुईमूग दिसला नाही. सुनंदाला ताप आला होता तेव्हा त्यानं सगळा कळप भीमनगराच्या गल्लीतून नेला. बायांनी आरडाओरडा केला, वाळवणं उचलली. "इकडून काहून आणलीस रे मेंढरं?" "पाण्याला जवळ पडतं." ओढा नेमका उलट्या बाजूला. दारात अंगावर चादर घेऊन ती उभी होती. तो थांबलाही नाही, नुसता बघून गेला. मी त्याच्यासोबत होते. गल्ली संपल्यावर त्यानं मला विचारलं, "डोळे लई खोल गेलेत का तिचे?"

पुढच्या पावसाळ्यात ते सोयाबीन आलं. गुडघ्याच्या वर गेलं, कमरेला लागलं. काळंभोर हिरवं, माणूस आत बसला तर दिसू नये असं. रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून बघायची. पण खत अति झालं की पीक माजतं, नुसता पाला वाढतो. शेंगा लागायच्या वेळी शेंगा नाहीतच. चहाच्या हॉटेलात लोक तुळशीराम मामांना म्हणायचे, "मामा, शिडी घिऊन जा, वर असतील शेंगा." आणि असं का झालं, हे गावाला एका दिवसात उमगलं. एका वावरावर एवढी मेंढरं कोण बसवतं, आणि काहून बसवतं? काकानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, सुनंदानंही नाही. ते वावर मात्र रस्त्याच्या कडेला उभं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे.

तुळशीराम मामा आमच्या घरी आले. ओसरीवर आबा, म्हणजे माझे आजोबा, बसले होते. मामा उभेच राहिले. "आबा, भगवानला म्हणा पुरं आता. पीक गेलं त्याचं काय न्हाई. पण उद्या काई कमीजास्त झालं तर तुमचं काई जाणार न्हाई. मार आमच्या पोरांला बसंल." आमची जात आणि त्यांची जात, हे दोघांपैकी कुणीच तोंडातून काढलं नाही. सगळं बोलणं सोयाबीनचंच झालं. मामा गेल्यावर आबांनी काकाला बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तू तोंड काळं करून गेलास, तर या घरातली एकबी पोरगी उंबरा वलांडणार न्हाई. ध्यानात ठिव."

मी तेव्हा दहावीला होते. मला पुढे शिकायचं होतं. काकानं माझ्याकडे पाहिलं… त्या बघण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

तरी वर्षभर ते दोघं भेटत राहिले. पण आता भांडणं खरी होती. एकदा मी डबा घेऊन गेले तर सुनंदानं दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला होता आणि ती त्याला हलवत होती. "पळून जाऊ म्हणतोस का न्हाई? एक काय ते सांग! मी चालले असते रे, हाय त्या कपड्यावर चालले असते!" काका म्हणत होता, "तुझ्या भावांचे हातपाय तोडतील लोक. अन ही पोरगी घरात बसंल." सुनंदा वळली आणि तिनं मला पाहिलं. "हिचं कॉलेज," ती म्हणाली, "अन माझं काय?" काका खाली बसला. मग तीही बसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. इतक्या जोरात, की मारल्यासारखं. मी डबा बांधावर ठेवून परत आले. त्या दिवशी तिनं त्याच्या शर्टाची बटणं तोडली होती. आईनं विचारलं तेव्हा काका म्हणाला, "बोकडानं वढलं."

सुनंदाला नर्सिंगला नांदेडला प्रवेश मिळाला. जायच्या आधी त्यांनी शेवटचं भेटायचं ठरवलं, गोरेगावात, बाजाराच्या दिवशी. एकांतात भेटले असते तर ठरवलेलं मोडलं असतं, असं मला वाटतं. काकानं घरी सांगितलं, पोरीला चप्पल घ्यायची आहे. आम्ही तिघं रसवंतीत बसलो. चरकाच्या घुंगरांचा आवाज एवढा की शेजारच्या बाकावरचं ऐकू येऊ नये. माझ्या ग्लासातला रस संपला. त्या दोघांच्या ग्लासांवर माश्या बसल्या.

"माझ्यावर राग धरू नको," काका म्हणाला.

"राग न्हाई तर काय धरू? दुसरं काय ठिवलंस धरायला?"

चरक फिरत होता. मग सुनंदा म्हणाली, "आता ऐक. आजपासून तुझ्या बऱ्यालाबी मी येणार न्हाई अन वाईटालाबी न्हाई. तूबी येऊ नको."

"वाईटालाबी न्हाई?"

"वाईटाला तर बिलकुल न्हाई. चार लोकांवानी येऊन, तोंड पाडून, चा पिऊन जायचं? आपलं तेवढंसं व्हतं का?"

खेड्यातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. आमच्याकडे कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा एकमेकांच्या मातीला जातात. बऱ्याला, म्हणजे लग्नकार्याला, नाही गेलं तर माणूस रुसला म्हणतात, पण वाईटालाही नाही गेलं तर त्या माणसाशी आपला जन्मात संबंध नव्हता, असं होतं. काका म्हणाला, "बराबर हाय."

ती उठली. मला म्हणाली, "शिक. मधीच सोडलंस तर नांदेडहून येऊन मारीन." ती रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून परत आली. भर बाजारात, रसवंतीवाल्यासमोर, बांगडीवाल्या बायकांसमोर, तिनं काकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. एखादी गोष्ट पाठ करताना बघतात तसं. मला लाज वाटली आणि मी खाली बघितलं. वर पाहिलं तेव्हा ती गेलेली होती. काका माझी चप्पल घ्यायला विसरला. मीही आठवण केली नाही.

त्यानंतर माझा काका भांडेनासा झाला. हे सगळ्यांत आधी बाबांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न साखऱ्याच्या राधाकाकूशी झालं. त्यानं नाही म्हटलं नाही, हो असंही म्हटलं नाही. मी सेनगावला अकरावी-बारावी केली, मग हिंगोलीला आले. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. पहिल्या दिवशी काका मला सोडायला आला होता. कॉलेजच्या गेटवर त्यानं इंग्रजी पाटी वाचली, एकेक अक्षर लावून. मला वाटलं, काहीतरी गंमत करेल. तो नुसता "जा," म्हणाला.

मागच्या वर्षी तुळशीराम मामा गेले. सगळं गाव मातीला गेलं, आबासुद्धा. काका गेला नाही. त्यानं त्या दिवशी कळप मसणवट्यासमोरच्या माळावर नेला. त्या माळावर त्या दिवसांत गवताची काडी नसते. लोक परत येईपर्यंत तो तिथे उभा होता, मेंढरं उपाशी त्याच्याभोवती. गावानं त्याला फार नावं ठेवली. "उन्हाळाभर त्याच्या वावरात पडून व्हता, अन मातीला न्हाई आला? मानूस हाय का कोण?" काकानं ऐकून घेतलं. मी मातीला गेले होते. सुनंदा आली होती, आता ती वसमतला एका दवाखान्यात नर्स आहे. रडता रडता तिनं एकदाच मान वर करून माळाकडे पाहिलं. तिला बरं वाटलं असावं असं मला वाटलं. नक्की नाही सांगता येत.

आणि आता काकाच गेला. जीपमधून उतरून घरी पोचले तेव्हा अंगण भरलेलं होतं. ज्यांच्या ज्यांच्या वावरात त्यानं मेंढरं बसवली होती ती सगळी माणसं आली होती. भीमनगरातून सुनंदाचे भाऊ आले, खांदा द्यायला पुढे झाले, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. सुनंदा आली नाही. तिसऱ्याला आली नाही, दहाव्याला आली नाही. मी तिला फोन केला होता. "कळालं," ती म्हणाली. मागे दवाखान्यातले आवाज येत होते. मी म्हटलं, "ताई, तू…" तर ती म्हणाली, "माझी ड्युटी हाय," आणि फोन बंद झाला. मला तिचा राग आला. मग वाटलं, काका माळावर उभा राहिला तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. मग तिचाच का? ती शब्द पाळत होती. पण तो पाळून तिचं काय होत असेल, हा विचार मला अभ्यासाला बसू देईना.

तेरवी झाल्यावर एका दुपारी काकू आणि मी मेंढरांना पाणी पाजत होतो. काकू एकदम म्हणाली, "ती येणार न्हाई का?"

मी कोण म्हणून विचारलं नाही. काकूला हे माहीत आहे, हे मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा नळावर गेली तेव्हाच बायांनी सांगितलं होतं. "मी घागर खाली ठिवायच्या आत सगळं सांगून मोकळ्या झाल्या," असं ती हसून सांगायची. मी तिला रसवंतीतलं बोलणं सांगितलं. ती ऐकत राहिली. हौदाच्या कडेला एक मेंढी दुसरीला ढकलत होती, तिला काकूनं बाजूला केलं.

"तुमचे काका माझ्यासंग कधी भांडले न्हाईत," ती म्हणाली. "एकडाव बी न्हाई. भाजी खारट झाली तरी खाऊन उठायचे. बाया म्हणायच्या, नशीबवान हायस. मला वाटायचं, हा मानूस एकदा तरी वरडावा माझ्यावर. ज्या बाईसंग ते भांडले, तिला मला बघायचंय. तिला सांग, मी बोलावलंय."

मी फोन लावला. सुनंदा म्हणाली, "मी शब्द दिलाय गं." काकूनं माझ्या हातातून फोन घेतला. दोघी पहिल्यांदा बोलत होत्या. काकू म्हणाली, "शब्द त्यांला दिलाय ना? मला तर न्हाई दिला. माझ्या वाईटाला ये." आणि फोन कसा बंद करायचा ते न कळून तिनं तो तसाच माझ्याकडे दिला.

ती रविवारी आली. मी गोरेगावला तिला घ्यायला गेले. ती वाळली होती. आम्ही गावाच्या वाटेला लागलो आणि तिनं पहिलं हेच विचारलं, "पास हायस ना?" मी हो म्हटलं. थोडं अंतर गेल्यावर मी धीर केला. इतकी वर्षं मला हेच विचारायचं होतं. म्हटलं, "ताई, माझं कॉलेज नसतं तर…"

"तर काय? तुझ्यामुळं झालं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "एका कुणावर तरी राग धरून बसले असते. भ्यालो गं आमी. तो बी भ्याला अन मी बी. मी त्याला म्हणायची, पळून जाऊ. त्यानं खरंच हो म्हणलं असतं तर माझे पाय लटपटले असते, हे त्याला ठावं व्हतं."

हे ती खरं बोलत होती की माझ्यासाठी बोलत होती, मला कळलं नाही. मी विचारायला गेले नाही. माझं ओझं काही उतरलं नाही… पण ते मी एकटीच उचलत होते असं नव्हतं, एवढं कळलं.

आमच्याकडे दुःखाला येणारी बाई वेशीपासूनच आवाज काढते. भावाला भाऊ म्हणून, मामाला मामा म्हणून, नातं घेऊन रडते. त्या आवाजावरूनच घरातल्या बाया ओळखतात कोण आलं, आणि सामोऱ्या जातात. सुनंदा मुकी आली. अंगणात शेजारपाजारच्या बाया बसल्या होत्या, ओसरीवर आबा होते. सगळं बोलणं थांबलं. शेजारची म्हातारी हळूच दुसरीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "रडावं तरी काय म्हणून तिनं?" सुनंदा अंगणाच्या मधोमध उभी राहिली. पिशवी तिच्या हातातच होती. मला वाटलं, ती परत फिरेल. मी आबांकडे पाहिलं. आबांचे ओठ हलले, मला भीती वाटली. पण त्यांनी फक्त डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि ते खाली बघत बसले.

काकू घरातून आली. तिनं सुनंदाच्या हातातली पिशवी काढून घेतली, माझ्याकडे दिली, आणि तिच्या गळ्यात हात टाकले. दोघीही रडल्या नाहीत. नुसत्या उभ्या होत्या. काकू तिच्याहून बुटकी, तिचं तोंड सुनंदाच्या खांद्याशी आलं होतं. तिथूनच ती म्हणाली, "नाव घेऊन रड."

सुनंदानं नाही म्हणून मान हलवली.

"घे की," काकू म्हणाली. "मला घेता येत न्हाई. ते असताना घेतलं न्हाई, आता कुठून घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तू तर घेत व्हतीस ना? मला ऐकू दे."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आमच्याकडे नवऱ्याचं नाव बायको तोंडात आणत नाही, आणि ती दुसऱ्या बाईला घ्यायला लावते, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. सुनंदानं डोळे मिटले. आधी ती इतक्या हळू म्हणाली की मलाही नीट ऐकू आलं नाही. मग तिनं हाक मारली. तो रडण्याचा हेल नव्हता. ओढ्यापलीकडे कळप घेऊन चाललेल्या माणसाला मारावी तशी हाक होती, मधलं अक्षर लांबवून, जराशी रागावलेली.

"भगवाऽऽन!"

हाक मारून ती थांबली. ओ यायची वाट बघतात तशी.

काकूनं तिच्या गळ्यातले हात काढले नव्हते. "आणखी एकडाव," ती म्हणाली.